दार बंद होतं म्हणे

मंगळवारी दुपारी दोन सव्वीसला मोबाईल वाजला. ‘आपलं पार्सल देण्याचा प्रयत्न केला. दार बंद होतं.’

त्या क्षणी आमचं दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यात आई बसली होती. पुढ्यात सुपात भुईमुगाच्या शेंगा, नजर गल्लीच्या तोंडाशी. एरवी एप्रिलातल्या दुपारी साखर पेठेतलं कुठलंही घर दार लोटूनच असतं. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचा फुफाटा असतो. पण त्या दिवशी पार्सल येणार म्हणून आम्ही झळा घरात घेतल्या होत्या. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसले होते. सकाळपासून गल्लीतून गेले ते एक भंगारवाला, एक गाय आणि शेजारच्या कारखान्यात कांड्या भरणारा पोऱ्या. पार्सलवालं कुणी फिरकलं नव्हतं.

मी आईला हातवारे करून विचारलं, कुणी आलं होतं का? ती म्हणाली, “कोण येतंय? सकाळधरनं डोळे लावून बसलीय मी.” एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की समोरच्या माडीवरून कुणीतरी डोकावलं. आपला आवाज किती चढलाय हे तिला कळत नव्हतं. ते कळायचं यंत्रच त्या पार्सलात होतं.

आई ब्याऐंशीची आहे. डावा कान केव्हाच गेला, उजवा मशीनवर चालतो. ते मशीन मार्चअखेरीस बंद पडलं, तेव्हा दुरुस्तीला हैदराबादला पाठवलं. दुरुस्ती चार दिवसांत झाली, तसा फोनही आला. त्यानंतर मशीन सोलापूरला यायला अठरा दिवस लागले. अठरा दिवस घरात एक माणूस काचेच्या पलीकडे राहिल्यासारखं होतं. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर मी मोठ्या अक्षरात लिहायची, ‘गोळी घेतली का’, ‘पाणी उद्या येणार’, आणि ती वाचून ओरडून उत्तर द्यायची. मावशीचा रोजचा फोन बंद झाला. एकदा बघितलं तर आई शेजारच्या भिंतीला तळवा लावून उभी. पलीकडे पॉवरलूम आहे, वर्षानुवर्षं दिवसरात्र खटखटणारा. तळव्याला थरथर लागली की लाईट आली, असं तिनं स्वतःपुरतं शोधून काढलं होतं.

हैदराबाद ते सोलापूर अंतर किती, तर तीनशे किलोमीटरच्या आसपास. रात्री जेवून गाडीत बसलेला माणूस पहाटे इथं उतरतो. पण पार्सलचा माग मोबाईलवर बघायची सोय असते, आणि ही सोय म्हणजे नवा छळ आहे. मी रोज तीनदा बघायची. हैदराबादहून निघालं. मग दोन दिवस काहीच नाही. मग एकदम : पुण्याच्या केंद्रात पोचलं. म्हणजे आईचं मशीन कधीतरी रात्री उमरग्यावरून, नळदुर्गावरून, बोरामणीवरून आलं, सोलापूरला वळसा घालून टेंभुर्णी-इंदापूरमार्गे पुण्याला गेलं, तिथं चार दिवस पडून राहिलं आणि मग त्याच रस्त्यानं अडीचशे किलोमीटर माघारी आलं. आमच्या घरापासून काही किलोमीटरवरून ते गेलं असेल तेव्हा आई पंख्याखाली झोपली असेल.

हे ऐकून लोक हसतात, चिडतात. मला मात्र त्यात मूर्खपणा दिसत नाही. मी हिशेबाच्या टेबलावर बसणारी बाई आहे, आणि हा हिशेब पटण्यासारखा आहे. दहा गावं एकमेकांशी थेट जोडायची तर पंचेचाळीस वाटा लागतात. मधे एकच ठाणं केलं, सगळ्यांचा माल तिथं आणून तिथूनच वाटला, तर दहा वाटांत भागतं. अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेसनं १७ एप्रिल १९७३ च्या रात्री याच कल्पनेवर काम सुरू केलं : मेम्फिस हे मधलं ठाणं, १४ छोटी विमानं, २५ शहरं आणि पहिल्या रात्री सगळी मिळून १८६ पाकिटं. शेजारच्या गावाचं पाकीटसुद्धा आधी मेम्फिसला जाणार आणि सकाळी परत येणार. वेडगळ वाटतं, पण चाललं, कारण त्या ठाण्यात रात्री उतरलेला माल त्याच रात्री निघायचा. ठाण्यात चार दिवस पडून राहणं हे त्या कल्पनेत बसत नाही. ते आपण आपलं घातलेलं.

तेव्हा वळशाबद्दल माझं भांडण नाही. उशिराबद्दलही फारसं नाही. सोलापूरकराला वाट बघायला काय शिकवायचं? इथं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. आमची आठवड्याची धुणी, पाहुणे, डोक्यावरून न्हाणं, सगळं पाण्याच्या दिवसावर ठरतं. पण पाणी येणार नसलं तर येणार नाही असं कळतं. पाणी सोडलंच नाही आणि ‘आम्ही पाणी सोडलं होतं, तुमचाच नळ बंद होता’ असा निरोप अजून तरी कुणी पाठवलेला नाही.

माझी सव्वीस वर्षं एका चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्याकडे गेली, त्यामुळे माल पाठवणं म्हणजे काय हे मी रोज बघते. पूर्वी गाठी बारदानात शिवल्या जायच्या. दाभण, सुतळी आणि मग बुरशानं काळ्या शाईत मार्का : व्यापाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं, गावाचं नाव, गाठीचा नंबर. हमालाला वाचता येवो न येवो, मार्का ओळखता यायचा. ट्रान्सपोर्टची बिल्टी, म्हणजे मालाची पावती व्हायची, तिची एक प्रत टपालानं पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्याला. ती बिल्टी दाखवल्याशिवाय तिकडं माल सुटायचा नाही. गाडी अडकली की पार्टी शेठला फोन करायची, शेठ ट्रान्सपोर्टच्या मुनीमला, मुनीम ड्रायव्हर ज्या ढाब्यावर थांबतो तिथं. संध्याकाळपर्यंत उत्तर यायचं : एक्सल तुटलाय, सुटा भाग उद्या मिळेल, परवा रात्री माल पोचेल.

आमचा धंदा फार सचोटीचा होता असं मी म्हणत नाही. ‘गाठ बांधून तयार आहे’ असं शेठ फोनवर सांगायचे तेव्हा चादर अजून मागावर असायची, आणि ते सांगताना माझ्याकडे बघून डोळा मारायचे. पण त्या खोट्याला तोंड होतं. पार्टी दिवाळीनंतर वसुलीला, खरेदीला सोलापुरात यायची, समोर बसायची, चहा प्यायची आणि चहा पिता पिता शेठला त्या गाठीची आठवण द्यायची. शेठ कान पकडायचे. पुढच्या खेपेला पुन्हा खोटं बोलायचे, पण थोडं कमी.

कुरिअर आले तेही आधी असेच होते. नव्या पेठेत एका जिन्याखाली एक दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की तिसरा बाहेर. कार्बन घातलेलं पावतीबुक, गमाची बाटली, भिंतीवर देवाचा फोटो. मालक स्वतः बसायचा. नमुन्यांचं पाकीट वेळेत गेलं नाही तर तो आपणहून दुकानात येऊन सांगायचा, “मॅडम, तुमचं इचलकरंजीचं चुकून इंदूरला गेलं ओ.” त्यावर शेठ त्याला बदाबदा बोलायचे, तो ऐकून घ्यायचा, आणि निघताना दुसरं पाकीट घेऊन जायचा.

पोस्टाचं तर विचारूच नका, असं म्हणायची पद्धत आहे. मी विचारणार आहे. आमच्या पेठेत वारंगळ-करीमनगरकडून तेलुगूत पत्ता घातलेली पत्रं यायची, विजापूर-कलबुर्गीकडून कन्नडमधली, कुणाची उर्दूत, आमची मराठीत. एकाच गल्लीत चार लिप्या. या अडचणीवर तोडगा काढणारा माणूस मराठीच : श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्राच्या दळणवळण खात्यात अधिकारी आणि एरवी संस्कृत कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांचा सहा आकडी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून छाननीच्या जिल्ह्याचे, उरलेले तीन टपाल कार्यालयाचे. सोलापूरचा ४१३ नं सुरू होतो. आकडे वाचता आले की पुरे, लिपी कुठलीही असो. आज माझं पार्सल हैदराबादहून वळसे घेत का होईना सोलापुरात आलं ते त्याच सहा आकड्यांच्या जिवावर. तिथून पुढं, शेवटच्या दोन किलोमीटरचं काम आकड्यांनी होत नाही. तिथं माणूस लागतो.

आमच्या पोस्टमनला कुणाची सून कुठल्या गावची हे माहीत असायचं. रजिस्टर घेऊन आला आणि घरी कुणी नसलं तर शेजारी निरोप ठेवून जायचा आणि दुसऱ्या दिवशी यायचाच. सही घ्यायचा, आणि ती सही असलेली पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत जायची. आईची एक पोचपावती मामानं जपून ठेवली होती, तिच्या लग्नानंतरची पहिली. सहीत तिनं माहेरचंच आडनाव लिहिलं होतं. ते रजिस्टर पोस्टही २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं.

गंमत अशी, की या पोस्टमनवर कायद्यानं भरपाईचं फारसं बंधन नव्हतं. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यातच लिहिलेलं होतं की टपाल हरवलं, चुकीच्या हाती गेलं, उशीर झाला, मोडतोड झाली तर सरकार जबाबदार नाही, आणि मुद्दाम किंवा लबाडीनं केलं नसेल तर कर्मचारीही नाही. सव्वाशे वर्षं हा कायदा चालला. तरी पोस्टमन उत्तर द्यायचा, कारण उद्या त्याला त्याच गल्लीतून सायकल न्यायची असायची. आणि खासगी कुरिअरच्या पावतीमागच्या मुंगीएवढ्या अक्षरांचं काय, तर तेही एकदा सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका विणकाम कंपनीची जर्मनीला पाठवलेली मालाची कागदपत्रं पोचलीच नाहीत, दुसरी प्रत जाईस्तोवर हंगाम संपला, खरेदीदारानं पैसे कापले. १९९६ साली न्यायालयानं सांगितलं की पावतीवर १०० डॉलरची मर्यादा छापलेली होती आणि तुम्ही त्यावर सही केलीय, तेव्हा तेवढेच मिळतील. हा किस्सा आमच्या शेठना कुणीतरी सांगितला तेव्हापासून ते पावती उलटी करून वाचतात. चष्मा लावून वाचतात आणि मग सही करतातच. न करून सांगता कुणाला?

असो. मंगळवारच्या निरोपावर मी तक्रारीच्या नंबरला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, मग एक गोड आवाज, तक्रार क्रमांक, ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे’. बुधवारी पुन्हा रजा, पुन्हा उघडं दार. साडेचारला निरोप : पत्ता सापडला नाही. मंगळवारी याच पत्त्यावरचं दार त्यांना बंद दिसलं होतं. बुधवारी पत्ताच नाहीसा झाला. शेजारचे म्हणाले, “तुम्ही कुरिअरच्या नादी लागता कशाला ओ? ट्रॅव्हल्सनं मागवायचं की.” खरं आहे. पुण्यात मुलाला शेंगा चटणी आणि कडक भाकरी मी तशीच पाठवते. रात्री स्टँडबाहेर ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात पिशवी द्यायची, गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो आणि ड्रायव्हरचा मोबाईल नंबर मुलाला पाठवायचा, तो पहाटे डोळे चोळत हडपसरला उभा. आजवर एक भाकरी मोडलेली नाही. ना पावती, ना विमा.

तिसऱ्यांदा ‘प्रयत्न’ झाला की पार्सल माघारी जातं, हे मला ऑफिसातल्या पोरानं सांगितलं. या लोकांच्या भाषेत आरटीओ, ‘रिटर्न टू ओरिजिन’, पडतं. म्हणजे मशीन पुन्हा पुण्यावरून हैदराबादला. गुरुवारी मी रजा टाकली नाही. तीन वाजता शेठना सांगितलं, रिक्षा केली आणि त्यांचं गोडाऊन शोधत अक्कलकोट रोडला गेले.

पत्र्याची शेड. वर पत्रा तापलेला, खाली काँक्रीट, मधे प्लास्टिकच्या पोत्यांचे ढीग. भिंतीला एक पंखा, तोही मोजणीच्या काट्याकडे तोंड केलेला. सुपरवायझर म्हणून जो होता तो विशी-बाविशीचा. त्यानं नंबर टाकून बघितलं आणि म्हणाला, “पोरगा घेऊन गेलाय मॅडम, संध्याकाळी येईल. घरी जावा, मिळून जाईल.” मी म्हटलं, घरी दोन दिवस बसलेय, आता इथं बसते. त्यानं एक खोकं पुढं सरकवलं. ‘नाजूक, काळजीपूर्वक हाताळा’ असं छापलेलं. त्यावर बसले.

सहाच्या सुमाराला तो पोरगा आला. मोटरसायकलच्या टाकीवर एक पोतं, मागं एक, पाठीला एक पिशवी. काळ्या टी-शर्टवर घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा. मोबाईलची काच कोपऱ्यातून तडकलेली, आणि त्याला रबरबँडनं पॉवरबँक बांधलेली. भांडायची सगळी वाक्यं मी रिक्षात जुळवून आणली होती. मी पत्ता सांगितला. त्यानं पिशवीतून मशीनचं खोकं काढून माझ्या हातात ठेवलं, ओटीपी विचारला, मी सांगितला, झालं. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं काम.

मग मी विचारलंच. “काय रे, मंगळवारी दार बंद होतं?”

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. “अक्का, मंगळवारी साखर पेठेत आलोच नव्हतो ओ. विडी घरकुलातच सहा वाजले.”

“मग दार बंद कसं टाकलंस?”

“मग काय टाकू, तुम्हीच सांगा की.” त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. उरलेल्या नगांपैकी एकावर बोट दाबलं तर खाली यादी उघडली. दार बंद. ग्राहक उपलब्ध नाही. पत्ता सापडला नाही. ग्राहकानं नाकारलं. ग्राहकानं पुढची तारीख मागितली. मी चष्मा पुसून यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. पाचही कारणं गिऱ्हाइकाची होती. ‘वेळ पुरला नाही’ हे कारण त्यात नव्हतंच. ‘मी पोचलो नाही’ हेही नाही. आणि यातलं एक निवडल्याशिवाय दिवसाचा हिशेब बंद होत नव्हता.

“नव्वद नग देतेत,” तो म्हणाला. “गाडी दहाला येते, वाटणी होईस्तोवर बारा. बारा ते सहा किती घरं होतेत? एक ओटीपी यायला पाच मिनिटं. पैसे तर दिलेल्या नगाचेच मिळतेत, पेट्रोल आपलं. मी काय हौसेनं करलालोय का?”

त्याचे वडील मागावर विणायला होते, हे त्यानं बोलता बोलता सांगितलं. मागावरही मजुरी नगावरच असायची, पण विणून न झालेल्या चादरीबद्दल तिथं कुणाला काही लिहून द्यावं लागत नव्हतं.

तो खाली बसून एकेक नग बंद करायला लागला. अंगठा सरावलेला. दार बंद. दार बंद. उपलब्ध नाही. दार बंद. मी खोकं पर्समध्ये ठेवलं, निघायला हवं होतं, पण उभीच राहिले. सव्वीस वर्षं मी वह्या लिहितेय. खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा हा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा. तो मधेच थांबला. “आज दार बंद लई झाले. सुपरवायझर ओरडतो मग.” आणि शेवटचा एक नग अंगठ्याखाली धरून त्यानं वर बघितलं. “याला काय टाकू, अक्का?”

पत्ता साखर पेठेतलाच दिसत होता. नाव मी वाचलं नाही.

“पुढची तारीख मागितली, टाक,” मी म्हटलं.

रात्री मशीन आईच्या कानात बसवलं. नवा सेल, छोटीशी शिट्टी, मग ती एकदम गप्प झाली आणि भिंतीकडे मान वळवून म्हणाली, “लूम चालू आहे की.” हळू आवाजात म्हणाली. मग मावशीला फोन लावून दिला, तो तासभर चालला.

शुक्रवारी सकाळी समोरच्या माडीवरचे काका दारात आले, हातात मोबाईल. “हे बघा की, काय लिहिलंय. ‘आपल्या विनंतीनुसार पार्सल उद्या देण्यात येईल.’ मी कधी विनंती केली ओ? कालचा अख्खा दिवस घरात बसून होतो.”

मी मोबाईल हातात घेऊन वाचल्यासारखं केलं.

“काय म्हणतायत ते?” आतून आईनं विचारलं. आता तिला सगळं ऐकू येतं.

“काही नाही,” मी म्हटलं. “त्यांचं पार्सल उद्या येतंय.”